दादाला एकदा फोन कर

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला लागलो की दादा आतून "कोण रे?" विचारतो, म्हणून लिहितोय. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू.

दादाचे बूट आठाचे दहा झाले म्हणून तू त्याला 'बाटाचा जावई' म्हणायचास ना? पुढे लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली, खालच्या दातांत फटी पडल्या. शेवटी शुगर वाढली म्हणून नेला, तर डॉक्टरीणबाईंनी आधी जुना फोटो मागितला. आधार कार्ड दाखवलं. तिने त्याचे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि आयजीएफ-१ची रक्ततपासणी लिहून दिली. ग्रोथ हार्मोन जास्त झालं की हे वाढतं. ते तिप्पट निघालं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास रक्त काढत बसले. साखर पोटात गेली की ग्रोथ हार्मोन खाली यायला हवं. ह्याचं ढिम्म हललं नाही. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरीत १४ मिलिमीटरची गाठ, तीच ग्रोथ हार्मोन ओततेय, म्हणून हातपाय वाढले. ती ग्रंथीच मुळात वाटाण्याएवढी!

गाठ कॅन्सरची नाही, एवढंच त्याने धरून ठेवलंय. बेबीआत्याच्या सुनेची गाठ आठवड्याला दोन गोळ्यांवर आकसली, मग मला चिरायचं कशाला, म्हणतो. अरे, तिची प्रोलॅक्टिन या दुसऱ्याच हार्मोनची होती, ती कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी बहुधा आटोक्यात येते. ग्रोथ हार्मोनच्या गाठीला पहिला उपाय ऑपरेशनच, तेही नाकातून. पण ऐकेल तर तो दादा कसला! कॅरममध्ये कव्हर न घेता राणी मोजायचा म्हणून तू महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हतास, आठवतंय? (नियम तुझाच बरोबर होता. आता तरी सोड.)

वाढलेली हाडं काही परत येणार नाहीत, पण हृदयावर ताण येतो तो थांबवता येईल. आणि गाठ वर सरकून नजरेच्या नसांना टेकली की आधी कडेचं दिसेनासं होतं. परवा फाटकातून स्कूटर काढताना डावीकडचा खांब त्याला दिसलाच नाही. मी मागे बसलो होतो. गुडघा सोलला, ते जाऊ दे. नजरेची तपासणी लिहून दिलीय, तर म्हणतो ऊस गेल्यावर बघू.

वहिनींच्या प्रमोशनचं कळलं, अभिनंदन. चिनूची दहावी यंदाच ना?

रविवारी अकराच्या सुमारास फोन कर, तेव्हा तो एकटा असतो. मी लिहिलंय हे सांगू नकोस. समजावू नकोस, सरळ भांड. तुझ्याशी भांडला की दुसऱ्या दिवशी ऐकतो.

तुझा,
पम्या