पैज तू जिंकलास

पुणे, रविवार, रात्र

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

मुलीच्या बारशाला मी आलो नाही आणि त्यानंतर चार महिने साधा फोनही केला नाही, याचा तुला राग आला असेल तर तो अगदी रास्त आहे. माझी प्रकृती ठीक आहे, पाठ आता दुखत नाही. गेल्या मंगळवारी उंदरांवरच्या प्रयोगाचे निकाल हाती आले आणि तेव्हापासून तुझ्याखेरीज कोणाशी त्याविषयी बोलावेसे वाटत नाही, म्हणून हे पत्र.

कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेणारा आपला पीएलजीए या विघटनशील बहुवारिकाचा सूक्ष्म कण, त्याच्या पोटात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध, अंगावर पीईजी या दुसऱ्या बहुवारिकाचे आवरण आणि पीईजीच्या टोकाला गाठीच्या पेशी ओढून घेतात ते फोलेट हे जीवनसत्त्व, ही रचना तुला तोंडपाठ आहे. हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ती किती सुरेख चालत होती हेही तू पाहिले आहेस. एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या चाचणीच्या प्लेटमध्ये जिवंत पेशींचे खळगे जांभळे होत आणि फोलेटवाल्या कणांची रांग पिवळीच राही; माध्यमात सुटे फोलेट मिसळले की त्याच रांगेत पुन्हा जांभळा रंग दिसू लागे, म्हणजे कण फोलेटच्याच दारातून आत जात होते. त्या प्लेटचा फोटो मी दोन वर्षे फोनच्या पडद्यावर ठेवला होता.

उंदरांच्या बाबतीतही मी काही कसर ठेवली नव्हती. नेहमीच्या खाद्यातले फोलेट गाठीवरची दारे आधीच अडवून बसते, म्हणून त्यांना दोन आठवडे फोलेटविरहित खाद्य दिले. कणांमध्ये चमकणारा रंग भरला, शेपटीच्या शिरेतून सुई दिली आणि चोवीस तासांनी अवयव काढून काळ्या कागदावर ओळीने मांडले: यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे, फुप्फुसे, हृदय आणि शेवटी गाठ. कॅमेऱ्यात जिथे कण जास्त तिथे लाल आणि जिथे कमी तिथे निळे दिसते; यकृत लालबुंद पेटलेले होते, प्लीहा त्याखालोखाल, आणि गाठ फिकट निळी. त्याहून जिव्हारी लागले ते पुढचे. फोलेट असलेल्या आणि नसलेल्या गटांतल्या गाठी शेजारी ठेवल्या, तेव्हा चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणती कोणाची हे मला सांगता आले नाही.

हॉस्टेलच्या गच्चीवरचे भांडण तुला आठवलेच असेल. "पाकिटावर पत्ता कितीही बिनचूक लिही, पोस्टमन गल्लीतच शिरला नाही तर करायचे काय?" असे तू म्हणालास आणि मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आता मान्य करतो. रक्तात शिरताक्षणी प्रथिने कणाला लपेटून घेतात, फोलेट त्यांच्याखाली झाकले जाते, यकृतातल्या कुप्फर या भक्षक पेशी कण गिळत सुटतात. आणि फोलेटला जे काही करायचे ते गाठीत पोचल्यानंतरच. मिसळीची पैज तू जिंकलास. पुण्यात येशील तेव्हा तर्री तू म्हणशील तितकी.

खरे तर हे मी वाचलेले होते. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि मोठे रेणू तिथे साचतात. या सगळ्या क्षेत्राची उमेद त्यावर उभी राहिली. पुढे २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा गाठीत पोचणाऱ्या मात्रेचा मध्यक ०.७ टक्के निघाला, म्हणजे हजारांत सात. हा आकडा मी सेमिनारमध्ये स्वतः सांगितला होता, आणि तरीही आपले कण त्यातून सुटतील असे मनापासून धरून चाललो होतो.

आता खरी काळजी सांगतो. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की प्रबंधातल्या उंदरांच्या प्रकरणात वजन आणि दुष्परिणाम तेवढे मांडावेत, ही चित्रे परिशिष्टात टाकावीत आणि शीर्षकातला 'लक्ष्यवेधी' हा शब्द तसाच राहू द्यावा. फेलोशिपची पाच वर्षे जूनमध्ये संपतात, म्हणून ते माझ्या भल्यासाठीच सांगत आहेत, हे मला कळते. पण ते यकृत परिशिष्टात गेले तर पुढचा विद्यार्थी पुन्हा हेच कण करील आणि पुन्हा पाच वर्षे घालवील, हे मला सहन होत नाही. शिवाय एक वाट अजून उघडी आहे. प्रतिपिंड (अँटिबॉडी) लावलेल्या लायपोसोमवरचे, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवरचे, २००६ चे काम तुला आठवत असेल: गाठीत पोचलेली मात्रा दोन्ही गटांत सारखीच होती, मात्र प्रतिपिंडवाले कण कर्करोगाच्या पेशींच्या आत सापडले. आपल्या गाठींचे तुकडे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचे काप घेऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तीन महिने लागतील, आणि ते बिनपगारी काढावे लागतील.

आणि काकू. परळच्या रुग्णालयात दर खेपेला त्यांना डॉक्सोरुबिसिनची ती लाल सलाइन लागली की "आलं माझं कोकम सरबत" म्हणायच्या आणि मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "तुझं औषध कधी येणार रे?" त्यांच्या प्रत्येक टूडी इकोच्या वेळी तू बाहेरच्या बाकावर कसा बसायचास ते मी विसरलेलो नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलने हेच औषध लायपोसोममध्ये घातले आणि हृदयावरचा त्याचा घाव कमी केला. कणांचे तेवढे यश खरे आहे, आणि ते मी त्यांना निःशंकपणे सांगू शकतो. त्यापुढचे काय सांगू, हे मात्र तू सांग. काकू दिवाळीत पुन्हा विचारतील, आणि त्यांच्याशी मी आजवर खोटे बोललेलो नाही.

नाशिकचे घर लागले का? बाळाचे नाव शेवटी वहिनींच्याच पसंतीचे ठेवले, असे पिंट्याकडून कळले, छान झाले. नव्या कंपनीतली रात्रपाळी संपली असेल अशी आशा आहे.

मार्गदर्शकांना शुक्रवारी उत्तर द्यायचे आहे. मी तीन महिने मागणार आहे, हे जवळजवळ ठरले आहे. तरी त्याआधी एकदा फोन कर आणि माझ्या विचारात कुठे खोट दिसत असेल तर गच्चीवर सांगितली होतीस तशी स्पष्ट सांग. या वेळी अबोला धरणार नाही.

काकूंना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
श्रीरंग