सतरावा पराभव

फोंडा, गोवा
१७ मार्च २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री तुला फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. आपला वेल्सचा रग्बी संघ ६८-१४ असा हरला! तेही घरच्या मैदानावर, कार्डिफमध्ये, आणि इंग्लंडकडून! दहा ट्राय (समोरच्यांनी आपल्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) खाल्ले रे आपण. तू तर त्याच गावात राहतोस, रविवारी बाजारात लोकांची तोंडं कशी दिसत असतील ते इथे बसून कळतंय मला. इकडे रस्त्यावर शिगम्याचे ढोल वाजत होते. मध्यंतरालाच ३३-७ झालं, तेव्हा बायको म्हणाली, "टीव्ही बंद करा आता." नाही केला. संघ हरतोय म्हणून उठून झोपायला जाणं मला जमत नाही.

२०२३च्या विश्वचषकात जॉर्जियाला हरवलं, त्यानंतर एक विजय नाही. सलग सतरा कसोट्या गेल्या. सिक्स नेशन्समध्ये, युरोपातल्या सहा संघांच्या त्या स्पर्धेत, लागोपाठ दुसऱ्या वर्षी तळाला. इथे ऑफिसात रग्बीचं नाव काढलं की लोक फुटबॉलवर येतात, त्यामुळे हे सगळं पोटात साठून राहतं.

पण सुहास, मुलांना बोल लावू नकोस. तुझ्या मागच्या मेसेजमध्ये "या पोरांत दमच नाही" असं होतं, ते मला अजिबात पटलं नाही. ॲलन विन जोन्स, टिप्युरिक, बिगर, हाफपेनी, नॉर्थ, हे सगळे मुरलेले खेळाडू वर्षभराच्या आतबाहेर संघातून निवृत्त झाले. रीस-झॅमिट तर अमेरिकन फुटबॉल खेळायला निघून गेला. त्यांच्या जागी जी मुलं आली त्यांना शिकवायला, घडवायला माणूस हवा होता. प्रशिक्षक गॅटलंडनी पहिल्या खेपेला तीन ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधले सगळे सामने जिंकणं) दिले, २००८, २०१२ आणि २०१९. ते ऋण मी विसरणार नाही. पण दुसऱ्या खेपेला आपण त्या जुन्या पुण्याईवरच थांबलो. त्या पद्धतीला लागणारे दणकट, मुरलेले गडीच उरले नव्हते, आणि खेळ मात्र तोच.

मला सर्वांत जास्त लागलं ते दहा नंबरचं, म्हणजे चाली रचणाऱ्या फ्लाय-हाफच्या जागेचं. बेन थॉमस मुळात सेंटर, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा. त्याला फ्रान्सविरुद्ध फ्लाय-हाफला उभा केला. ४३-० हरलो, तरी रोममध्ये इटलीविरुद्ध पुन्हा तोच दहा नंबरला! अरे, जत्रेच्या नाटकात पेटीवाल्याला ऐनवेळी तबल्यावर बसवलं, तर तो बिचारा हात चालवेल, पण गाणाऱ्यानं सम कुठे गाठायची? दहा नंबरवाला लय धरतो. चेंडू हातात आल्यावर लाथ मारायची की पास द्यायचा, हे त्याला विचार न करता सुचावं लागतं. थॉमसला अर्धा क्षण जास्त लागत होता, आणि तेवढ्यात समोरचे अंगावर येत होते. त्यात त्याचा काय दोष? रोमच्या त्या पावसात गार्बिसीनं आपल्या बचावफळीच्या मागे चेंडू टोलवला आणि कापुओझोनं कोपऱ्यात झेपावून टेकवला. आपले लोक वळेपर्यंत खेळ आटोपला होता. २२-१५. त्यानंतर तीनच दिवसांत गॅटलंड पद सोडून गेले.

आणि मग आयर्लंडचा सामना बघ. हंगामी प्रशिक्षक म्हणून शेरट आले, हाताशी दहा-बारा दिवस. त्यांनी जादू केली नाही. अँस्कमला परत बोलावून दहा नंबर दिला, थॉमसला त्याच्या जागी सेंटरला पाठवलं, आणि मुलांना चेंडू हातात घेऊन खेळू दिलं. बस्स. मध्यंतराला १३-१० पुढे, नंतर १८-१०! हरलो, पण त्या रात्री माझ्या अंगावर काटा आला होता. एडिंबराला स्कॉटलंडविरुद्ध ८-३५ वरून २९-३५ पर्यंत आणलं. संघातली बरीचशी माणसं तीच होती, सुहास. दम नसता तर हे कुठून आलं?

मग शनिवारी काय झालं, असं तू विचारशील. दहा-बारा दिवसांत चढाईला धार लावता येते, बचावाची भिंत बांधता येत नाही. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, चुकलं की शेजारच्यानं कुठे सरकायचं, हे महिनोन्‌महिने घोटवून घ्यावं लागतं. इंग्लंडनं तिथेच बोट घातलं. म्हणून माझं म्हणणं, पुढचा प्रशिक्षक निवडताना नाव किती मोठं ते बघू नये. बचाव बसवून देणारा, ज्याची जी जागा त्याला तिथेच खेळवणारा माणूस आणावा, आणि पाच-सहा पराभवांनी त्याच्या मागे लागू नये. जुलैत जपानचा दौरा आहे, त्याच्या आत हे ठरायला हवं.

तुझ्याकडे क्लबात कुणाचं नाव घेतात ते सविस्तर कळव. पोरांवर रागावला असशील तर राग सोड, आणि जपानच्या सामन्यांना रजा टाक, मीही टाकतो. वहिनींना नमस्कार, छोटीला खूप खूप आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते. चवथीला तरी ये.

तुझा,
रमाकांत