आधी विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते आणखी चार घरांत पोचावं असं वाटतं. दीड वर्षाच्या मुलीला लस द्यायला एक बाबा एकटाच आला होता. लस देऊन झाल्यावर त्याच्याकडे बघून तुम्ही "जरा बसा" म्हणालात. तो मी. त्या बसण्यानंतर आमच्या घरातल्या रात्री बदलल्या. त्याबद्दल मनापासून आभार.

मूल रात्री उठतं म्हटलं की सल्ला द्यायला सगळे पुढे येतात. पोट भरत नसेल. दात येत असतील. अंगावरचं दूध तोडा. रडू द्या, आपोआप झोपेल. अजिबात रडू देऊ नका, मनावर परिणाम होतो. तुम्ही मात्र आधी प्रश्न विचारलात, आणि तोही अगदी साधा : "झोप लागते तेव्हा ती कुठे असते? आणि मध्यरात्री डोळे उघडते तेव्हा कुठे असते?" झोप लागते आईच्या कुशीत दूध पिता पिता, नाहीतर माझ्या खांद्यावर, मी फेऱ्या मारत असताना. जागी होते ती अंथरुणात, अंधारात. हे तुम्हाला सांगता सांगताच मला काहीतरी उमगायला लागलं होतं.

मग तुम्ही समजावलंत. रात्रभर सलग कुणीच झोपत नाही, मोठी माणसंही नाही. झोपेची आवर्तनं असतात. मोठ्यांचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, लहान मुलांचं त्याहून छोटं, आणि दोन आवर्तनांच्या मध्ये थोडीशी जाग येतेच. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढून घेतो आणि सकाळी त्यातलं काही आठवतही नाही. मुलीलाही तेवढीच जाग येते, पण तिथून परत झोपेत शिरायला तिला कुणाचा तरी खांदा लागतो. रात्रीच्या पहिल्या भागात झोप गाढ असते, उत्तररात्री ती पातळ होत जाते, म्हणून पहाटेकडे उठणं वाढतं. आमच्या घरी नेमकं हेच चालायचं. तोवर मला ती रात्र म्हणजे नुसता गोंधळ वाटत होती.

आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितलीत, ती माझ्या मनात घर करून आहे. या वयात मुलाला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. म्हणूनच ते तिला हाक मारतं. तुम्ही म्हणालात, "ती त्रास द्यायला उठत नाही. तुम्ही आहात हे तिला माहीत आहे, म्हणून बोलावते." त्या दिवसापासून रात्री तिचं रडू कानावर आलं की माझ्या मनात उठणारा राग निम्मा झाला. थकवा होताच. पण थकव्याच्या जोडीला राग नसला की माणूस बरंच सोसू शकतो.

तुम्ही उपाय लगेच सांगितला नाहीत. कागदावर २४ तासांचे रकाने आखून दिलेत आणि म्हणालात, काही दिवस फक्त भरा : कधी झोपली, कशी झोपली, कधी उठली, मग काय केलं. तिच्या वयाला दिवसाची झोप धरून एकूण ११ ते १४ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये हाच आकडा दिला आहे, तेव्हा बेरीज चोवीस तासांची करा, नुसती रात्र मोजू नका. तक्ता भरल्यावर दिसलं की बेरीज फारशी कमी नव्हती. झोप चुकीच्या जागी सांडत होती. दुपारची दुसरी डुलकी पार संध्याकाळपर्यंत लांबायची आणि रात्री झोपायची वेळ रोज वेगळी असायची. तुम्ही सांगितलंत की साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास मुलं दोन डुलक्यांवरून एकीवर येतात, आणि हा बदल होत असताना गाडी काही दिवस रुळावर नसते. आम्ही दुपारची झोप एकच ठेवली, ती लवकर आटपेल असं पाहिलं, आणि सकाळी उठायची वेळ पक्की केली. रात्र कशीही गेली असली तरी सकाळची वेळ हलवायची नाही, हे पाळणं सगळ्यांत जड गेलं आणि सगळ्यांत उपयोगी पडलं ते हेच.

दुखण्याचं काही नाही ना, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहून घेतलंत, ही गोष्ट मला इथे ठळकपणे लिहायची आहे. घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का? झोपेत श्वास अडखळतो का? आडवं केल्यावर कान ओढते का? पाय सारखे झाडते का? वाढलेल्या टॉन्सिल्समुळे किंवा ॲडिनॉइड्समुळे, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूला वाढलेल्या गाठींमुळे, श्वास अडतो, कानाचा संसर्ग आडवं झाल्यावर जास्त ठणकतो, आणि शरीरात लोह कमी असेल तरी झोप अस्वस्थ होते. यातलं काही असेल तर सवयी बदलून काय होणार? "झोपेतला श्वास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा त्यांना त्यातून जास्त कळेल," असं तुम्ही म्हणालात. आम्ही दाखवलं, डॉक्टरांनी तपासलं, तसं काही निघालं नाही. मगच पुढचं सुरू केलं.

पुढचं म्हणजे ती खुर्ची. झोपायच्या आधीचा क्रम रोज तोच : कोमट पाण्याने अंग पुसणं, दूध, दात घासणं, पुस्तक, दिवा मंद. दूध झोपेच्या आधी थोडं अलीकडे आणलं. दूध बंद करा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त दूध आणि झोप यांची गाठ जरा सैल करा, आणि दात आले आहेत तर दुधानंतर ब्रश झालाच पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. पांढरी ट्यूबलाइट जाऊन पिवळा छोटा दिवा आला. त्या तासाभरात टीव्ही आणि मोबाइल बंद, कारण संध्याकाळचा प्रखर उजेड मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, दाबतो आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम जास्त होतो.

मग तिला जागी असतानाच अंथरुणावर ठेवायचं आणि शेजारी खुर्चीवर बसायचं. पहिल्या रात्री ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून रडली. मी उचललं नाही, पण तिथून हललोही नाही. पाठीवर हात ठेवला आणि तुम्ही सांगितलेलं एकच वाक्य हळू आवाजात म्हणत राहिलो, "बाबा इथेच आहे, आता झोपायचं." बराच वेळ गेला. मग ती बसली, मग कलंडली. तिच्या हातात तिच्या आईच्या जुन्या ओढणीचा रुमालाएवढा तुकडा होता. वर्ष उलटलं आहे, आता असं एखादं लहानसं फडकं जवळ द्यायला हरकत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. त्याची दुमडलेली कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून ती मागेपुढे घासत होती. आधी भराभर, मग रेंगाळत, मग मध्ये थांबून पुन्हा एकदा. मी त्या दोन बोटांकडे बघत बसलो होतो. ती बोटं पूर्ण थांबली तेव्हा मला समजलं की ती झोपली. खांद्याशिवाय.

पुढे हात पाठीवरून गादीवर आला, खुर्ची हातभर मागे गेली, मग दाराशी. मध्ये ताप आला तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्याचीही कल्पना तुम्ही दिली होतीत : आजारपणात खुशाल जवळ घ्या, बरं वाटलं की परत खुर्ची.

दुधाशी जोडलेली जाग मोडायची असेल तर मध्यरात्री आईने न जाता बाबांनी जावं, हे तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो, ती दिसली की मुलीला दूध आठवणारच. तेव्हापासून रात्रीच्या आमच्या पाळ्या ठरल्या. पहिल्या पाळीत मी, म्हणजे तिच्या आईला सलग झोप मिळेल, आणि पहाटेला ती.

रडू द्यावं की देऊ नये, या वादात तुम्ही पडला नाहीत. मी नंतर त्यावर वाचलं. ऑस्ट्रेलियात झोपेची तक्रार असलेल्या सात महिन्यांच्या ३२६ बाळांचा अभ्यास झाला. काही पालकांना ठरावीक वेळाने आत जाऊन धीर देण्याची रीत किंवा खुर्चीवर बसून हळूहळू दूर जाण्याची रीत शिकवली, काहींना नाही. मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा शिकवलेल्या गटातल्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. सहाव्या वर्षी परत पाहिलं. मुलांच्या मनावर किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम दिसला नाही, आणि वेगळा असा कायमचा फायदाही दिसला नाही. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. माझं मत असं की ज्यांना हे करायचं आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, आणि ज्यांना मूल कुशीतच झोपवायचं आहे आणि त्याचा जाच होत नाही, त्यांना कुणी बोल लावू नये. तुम्हीही तेच म्हणाला होतात : "त्रास होत असेल तर बदला, होत नसेल तर कशाला?"

मधल्या एका रात्री आम्ही हादरलो होतो. झोपून दीड-दोन तास झाले असतील, आणि ती किंचाळून उठली. डोळे सताड उघडे, घाम फुटलेला, मी जवळ घेतलं तर मला ओळखेना, ढकलून देई. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे विचारलंत, "पहिल्या दोन-तीन तासांतच ना? सकाळी तिला काही आठवत होतं?" गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आल्यामुळे असं होतं. वाईट स्वप्न पडतं ते बहुधा उत्तररात्री, तेव्हा मूल खरोखर जागं होतं आणि त्याला कुशीत घेऊन धीर द्यावा लागतो. या पहिल्या प्रकारात जागं करायला जायचं नाही, हलवायचं नाही, कुठे आपटणार नाही एवढं बघत जवळ बसायचं, ते आपोआप शमतं. झोप अपुरी झाली किंवा ताप असला की असं जास्त होतं. वारंवार व्हायला लागलं किंवा अंग झटके देतंय असं वाटलं तर लगेच डॉक्टर. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरायचे थांबले होते.

दोन गोष्टी तुम्ही आवाज चढवून सांगितल्या होत्यात, त्या मी भेटेल त्या नव्या आईबापाला सांगतो. एक, सर्दीचं औषध दिलं की मूल झोपतं असं कुणी म्हणालं तरी झोपेसाठी ते द्यायचं नाही. लहान मुलांच्या श्वासाला त्यातून धोका होऊ शकतो, आणि काही मुलं त्याने उलट जास्त चिडचिडी होतात. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मध्यरात्री डोकं फिरायची वेळ आली तर मुलाला सुरक्षित जागी ठेवायचं, खोलीबाहेर जायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं श्वास घ्यायचा, मग परत जायचं. तेवढा वेळ रडल्याने मुलाला काही होत नाही. पण रागाच्या भरात लहान मुलाला गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे आईबापांच्या तोंडावर कुणी सहसा बोलत नाही. तुम्ही बोललात. शिवाय त्या दिवशी मला गाडी चालवू दिली नाहीत, कुणाला तरी बोलावून घ्या म्हणालात, कारण मी बसल्या जागी पेंगत होतो.

आता ती बहुतेक रात्री स्वतःची स्वतः झोपते. उठते अजून कधीकधी. मागच्या दाढा येताहेत, आणि नवीन जागी गेलो की दोन-तीन रात्री सांभाळाव्या लागतात. तक्त्याच्या प्रती मी ओळखीतल्या काही जणांना दिल्या आहेत. तुमच्या वरिष्ठांना वेगळं पत्र पाठवलं आहे. लसीकरणाच्या दिवशी आईबापांशी बोलायला सिस्टरना वेळ राखून द्यावा, तो त्यांच्या कामाचाच भाग धरावा, अशी त्यात विनंती केली आहे. त्या दिवशी बाहेर रांग होती, आणि तुम्ही तुमचा जेवणाचा वेळ आमच्यावर घालवलात. हे दर वेळी तुमच्या पदरचं जायला नको.

हे पत्र तिच्या आईने वाचलं. ती म्हणाली, माझे आभार वेगळे लिही. तुम्ही मला विचारलं होतंत, "तिची आई सलग किती तास झोपते?", मग, "तिला रडू येतं का? कशातच मन लागत नाही असं म्हणते का?" मी घरी येऊन तेच प्रश्न तिला विचारले, आणि ती खूप वेळ बोलत राहिली. तुम्ही म्हणाला होतात की बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या काही महिन्यांतच संपतं असं नाही, आणि त्यावर उपचार आहेत. दुसऱ्याच आठवड्यात ती डॉक्टरांना भेटली. आता बरी आहे, झोपते, परत कामावर जायला लागली आहे. मुलीचं झोपणं जमलं नसतं तरी एवढ्यासाठी मी तुमचे आभार मानायला आले असते, असं तिने लिहायला सांगितलं आहे. पुढच्या लसीला ती स्वतः मुलीला घेऊन येणार आहे.

आपला,
एका मुलीचा बाबा