‘कट्स कमी पडले’ म्हणण्याआधी दिवा कुठे होता ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांनी काढलेली छायाचित्रे वृत्तपत्रे आवर्जून छापतात, त्यांच्या स्पर्धाही घेतात. त्यांत काळ्या पार्श्वभूमीवर, अर्धे अंग सावलीत ठेवून काढलेली खेळाडूंची आणि पिळदार शरीराच्या मॉडेलची पोर्ट्रेटही असतात. त्यांवरचे शेरे बहुधा दोनच साच्यांतले: ‘जबरदस्त!’ किंवा ‘मजा नाही आली’. यांतून फोटो काढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खरे तर या प्रकारच्या फोटोत काय बिघडले आणि कशामुळे, हे बोट ठेवून दाखवता येते.

‘फोटो फ्लॅट वाटतो’ हा नेहमीचा शेरा घ्या. स्नायू दिसतो तो त्याच्या शेजारच्या खाचेत पडलेल्या सावलीमुळे. मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या जवळपास रेषेत असला की त्या खाचा उजेडाने भरून जातात आणि कमावलेले पोटही सपाट दिसते. म्हणून शेरा असा हवा: ‘पोटावरच्या खाचा भरल्या आहेत, दिवा कॅमेऱ्यापासून साठ-सत्तर अंश बाजूला घ्या आणि दिव्याच्या विरुद्ध बाजूला पांढऱ्याऐवजी काळा बोर्ड उभा करा.’ यात काय दिसते, का दिसते आणि काय करायचे, तिन्ही गोष्टी आल्या.

दिव्याच्या अंतराबद्दल तर फारच कमी जण बोलतात. दिवा लहान असेल तर ढोबळ हिशेब असा. तो जवळच्या खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि दुसरा खांदा त्याच्या ४० सेंटिमीटर पलीकडे, तर पलीकडचा खांदा सुमारे दीड स्टॉप काळवंडतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तोच दिवा २ मीटरवर नेला की हा फरक अर्ध्या स्टॉपवर येतो. म्हणजे ‘एक खांदा जळालाय, दुसरा गायब आहे’ यावर उपाय एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) बदलण्याचा नाही, दिवा मागे घेण्याचा आहे. करड्या भिंतीचेही तसेच. दिवा मॉडेलपासून १ मीटरवर आणि भिंत मॉडेलच्या मागे ३ मीटरवर असेल, तर भिंतीवर मॉडेलच्या मानाने चार स्टॉप कमी उजेड पडतो आणि ती जवळपास काळी दिसते. मॉडेलला भिंतीला खेटून उभे करून नंतर संगणकावर पार्श्वभूमी काळी करत बसले, की केसांच्या कडेला ती करडी किनार राहतेच.

मागून दोन्ही बाजूंनी कडा उजळणाऱ्या दिव्यांचा एक दोष बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. खांदे आणि दंड सुरेख उठून आलेले असतात, पण नाकाच्या शेंड्यावर एक पांढरा ठिपका असतो. नजर डोळ्यांकडे जायच्या आधी तिथेच अडकते. मागचा दिवा थोडा जास्त पुढे आल्यामुळे त्याचा उजेड गालावरून निसटून नाकाला लागलेला असतो. दिवा हातभर मागे सरकवला आणि स्ट्रिप बॉक्सला (दिव्यावरच्या लांबट, अरुंद पेटीला) उजेड पसरू न देणारी जाळीदार ग्रिड लावली की ठिपका जातो. मॉडेलने मान किंचित वळवली तरी तो परत येतो, म्हणून पोझ बदलली की नाक पुन्हा तपासावे.

तेल लावलेल्या त्वचेवर चमक हवीच, पण कपाळ आणि खांद्याचा गोल कोरा पांढरा पडला तर तिथली त्वचा कायमची गेली. रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) ती परत येत नाही. गडद वर्णाच्या मॉडेलचा फोटो ‘अंधारा’ वाटला की एक्स्पोजर वाढवा, असे पटकन सांगितले जाते. तिथे शरीराचा आकार मुख्यतः त्वचेवरच्या चमकेतून उमटतो. मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी) बाजूने तिरका लावला तर वर्ण न उजळवताही प्रत्येक वळण दिसते. रिटचिंगमध्ये, म्हणजे संगणकावर फोटो सुधारताना, क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारी सोय) ताणली की त्वचा चामड्यासारखी होते आणि कडांभोवती उजळ वलय उमटते. कंबर बारीक करताना मागची सरळ रेषा किंवा हातातला बार वाकला असेल, तर तेही सांगायलाच हवे.

आता ज्या शेऱ्याची सर्वांत जास्त चीड येते तो: ‘बॉडीला अजून कट्स हवे होते’, म्हणजे स्नायूंच्या रेषा अजून ठळक हव्या होत्या. हा फोटोवरचा अभिप्रायच नाही. छायाचित्रकाराच्या हातात दिवा, कोन, पोझ आणि क्षण असतो. दंड छातीला चिकटला तर चपटा आणि रुंद दिसतो, तो चार बोटे दूर धरायला सांगावे. कंबर एका बाजूला आणि खांदे दुसऱ्या बाजूला वळवले की बरगड्यांवरचे स्नायू उघडतात. पूर्ण श्वास सोडल्यावर पोट आवळते, शटर तेव्हा दाबावे. क्लिकच्या आधी वीस-पंचवीस जोर मारले की काही मिनिटे स्नायू भरलेले राहतात. असल्या शेऱ्यांपायी मॉडेल शूटच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडतात आणि दिव्यांखाली चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. शरीरावर शेरा मारण्याचा अधिकार प्रेक्षकाला कुणीही दिलेला नाही.

अभिप्राय मागणाऱ्याकडूनही चुका होतात. फोटोबरोबर तीन गोष्टी द्याव्यात: दिवे कुठे होते याचे साधे रेखाटन, फोटो कशासाठी काढला ते, आणि स्वतःला नेमकी कुठे शंका आहे ते. व्यायामशाळेच्या पोस्टरसाठी चेहरा सावलीत चालेल, खेळाडूच्या मुलाखतीसोबत चालणार नाही. न सुधारलेली प्रतही दाखवावी, मात्र ती दाखवायला मॉडेलची परवानगी आधी घ्यावी. कुणी काही सांगितले की लगेच खुलासा सुरू करू नये. ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’ एवढेच विचारावे. तिघांनी तीन वेगवेगळे उपाय सांगितले, पण बोट एकाच जागी ठेवले, तर उपाय सोडून द्यावेत आणि त्या जागेकडे पाहावे.

बघणाऱ्याने ‘फार काळा आहे’ म्हणण्याआधी आपला पडदा तपासावा. उन्हात धरलेल्या फोनवर सावलीतले सगळे तपशील बुडतात, तर अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर तेच उघडे पडतात. हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या ते पांढऱ्या छटांचा आलेख) डाव्या, म्हणजे काळ्या बाजूच्या भिंतीला किती चिकटला आहे ते पाहून बोलले तर वाद निम्मे मिटतील.

आपल्याला विनंती एवढीच की, वाचकांचे असे छायाचित्र छापताना खाली परीक्षकाच्या दोन ओळी द्याव्यात: एक काय साधले याची, दुसरी काय हुकले आणि कशामुळे याची. जागा चार सेंटिमीटरपेक्षा जास्त लागणार नाही.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक