लायन गेटसमोरचे हॉटेल आणि पारशाचा गुत्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या वास्तूंवर आपल्या अंकात अधूनमधून लेख येतात. मी ते वाचतो आणि कात्रणे जपून ठेवतो. त्यांत टाऊन हॉल असतो, राजाबाई टॉवर असतो, वाडियांनी बांधलेली जहाजे असतात. पण काम संपवून गोदीच्या दाराबाहेर पडलेला खलाशी किंवा कामगार कुठे जाऊन बसत होता, हे मला आजवर कुठेच वाचायला मिळाले नाही. मी नौदल गोदीत ३४ वर्षे फिटर होतो. वडील तिथेच होते आणि त्यांच्याआधी आजोबा तिथल्या सुतारखात्यात. म्हणून हे पत्र.

नौदल गोदीच्या लायन गेटमधून बाहेर पडले की समोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग दिसते. रोज तिच्यासमोरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ते एका हॉटेलचे नाव आहे? इमारत त्याहून कितीतरी जुनी. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या आरमाराचा प्रमुख इथे राहायचा, म्हणून तिला अॅडमिरल्टी हाऊस म्हणत. पुढे १८०० पासून इथे न्यायालय भरू लागले. १८६२ चा गाजलेला महाराज लायबल खटला, म्हणजे एका वैष्णव महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर भरलेला अब्रुनुकसानीचा खटला, चालला तो याच वास्तूत, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यात साक्ष दिली होती. १८७९ च्या सुरुवातीला हायकोर्ट आपल्या नव्या इमारतीत गेले आणि काही वर्षांतच इथे ग्रेट वेस्टर्न हॉटेल उघडले. बोटीने येणारे-जाणारे साहेब लोक आणि नौदलाचे अधिकारी यांची ती उतरण्याची आणि बसण्याची जागा. हॉटेल बंद होऊनही आता बराच काळ लोटला. नाव तेवढे उरले.

साध्या खलाशाला आणि कामगाराला त्या दारातून आत कोण घेणार? त्यांच्यासाठी कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, गल्ल्यांमध्ये गुत्ते होते. १७३५-३६ च्या सुमारास कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणून इथे जहाजबांधणी सुरू केली, तेव्हापासून जहाजे आली, जहाजांबरोबर तहानलेले लोक आले आणि त्यांच्यामागे दारूची दुकाने आली. सुरुवातीच्या काळात त्यांना पंच हाऊस म्हणत. पंच म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे पेय. इंग्रजीतला तो शब्द आपल्या ‘पाच’वरूनच गेला असे मानतात. याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. ते जहाज घडवणारे सुतार संध्याकाळी ज्या बाकांवर टेकले असतील, त्यांतले एकही उरलेले नाही.

आजोबा जिथे जात त्या जागेला घरात ‘पारशाचा गुत्ता’ एवढेच म्हणत. पगाराच्या दिवशी आजी धाकट्या मुलाला कडेवर घेऊन गोदीच्या दारापाशी उभी राहायची, कारण दारापासून गुत्त्यापर्यंतच्या शंभर पावलांत पगार वाचला तर वाचला. ती एकटी नसायची, शेजारच्या खोल्यांतल्या चार-पाच जणी असायच्या. वडिलांनी हे सगळे लहानपणी पाहिले आणि जन्मभर दारूला हात लावला नाही. मीही लावलेला नाही. तेव्हा गुत्ते गेले म्हणून मी गळा काढतो आहे असे कृपा करून कोणी समजू नये. पण आजी ज्या दारात उभी राहायची ते दार आणि आजोबा जिथे शिरायचे ते दार, दोन्ही आमच्या घराच्या इतिहासात आहेत. त्यातले एक नोंदवायचे आणि दुसरे लाजेने पुसायचे, हे मला पटत नाही.

गुत्त्यांपासून नाविकांना दूर ठेवायचा प्रयत्न इंग्रजांनीही केला होता. रीगल सिनेमासमोर आज राज्य पोलिसांचे मुख्यालय असलेली इमारत मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७० मध्ये तिची पायाभरणी झाली, १८७६ मध्ये ती पुरी झाली. व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचेच हे काम, आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशाला स्वच्छ खाट आणि चांगले जेवण मिळावे, म्हणजे त्याचे पाय गुत्त्याकडे वळणार नाहीत, हा सेलर्स होममागचा विचार. १९२८ पासून तिथे मुंबईचे विधिमंडळ भरू लागले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तो याच विधिमंडळात! खलाशाला दारूपासून वाचवायला बांधलेल्या घरात साऱ्या प्रांताची दारू बंद करणारा कायदा व्हावा, ही गोष्ट शाळेत कुणीतरी मला सांगायला हवी होती असे फार वाटते.

एप्रिल १९५० पासून शहरात पूर्ण दारूबंदी आली. कायद्यात युद्धनौका आणि सैन्याच्या मेसना सवलत होती, आणि या कायद्याला आव्हान देणाऱ्या १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे गोदीच्या भिंतीच्या आतल्या मेसमध्ये ग्लास भरत राहिले आणि बाहेरचे सगळे बंद झाले. पारशाच्या गुत्त्याला फळ्या लागल्या त्या तेव्हाच. पुढे बंदी सैल झाली आणि परमिट रूम आल्या, पण त्यांच्या पाट्या वेगळ्या, मालक वेगळे. आजोबांच्या गुत्त्याची जागा वडिलांनाही नंतर नक्की दाखवता आली नाही.

माझ्याकडे त्या काळातली एकच वस्तू आहे. ऐंशीच्या दशकात गेटजवळच्या फुटपाथवर केबलसाठी चर खणला होता. त्या मातीत हिरव्या जाड काचेची एक बाटली मिळाली. तिचे बूड अंड्यासारखे निमुळते आहे, त्यामुळे ती उभी राहतच नाही. जुन्या सोड्याच्या बाटल्या अशाच असत. आडवी ठेवली की बूच ओले राहते आणि आतला वायू निसटत नाही. काचेत बुडबुडे अडकलेले आहेत आणि एका बाजूला अंगठ्याएवढा टवका उडालेला आहे. सून ती शोकेसमध्ये कापडाच्या चुंबळीवर ठेवते.

संपादक महाशय, माझी एक विनंती आहे. आपल्या अंकातून वाचकांना आवाहन करावे. फोर्ट आणि कुलाब्यातल्या जुन्या हॉटेलांत, गुत्त्यांत, परमिट रूममध्ये ज्यांनी नोकरी केली, ज्यांच्या घरचे तिथे आचारी, वेटर, वाजंत्री होते, ज्यांच्या पेटीत एखादे जुने बिल, परवान्याचे पुस्तक, फोटो पडून आहे, त्यांनी ते कळवावे. गोव्याची आणि कोकणातली कितीतरी घरे यात निघतील. मुख्यतः ज्या बायका पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहिल्या, त्यांच्या लेकी-सुनांकडून ऐकून घ्यावे. त्यांतल्या बहुतेक आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. फोटो काढायचा असेल तर बाटली घेऊन मी स्वतः आपल्या कचेरीत येईन.

आपला,
एक निवृत्त गोदी कामगार, डोंबिवली