फायटरची शेपटी आणि माझी ओटी टेस्ट

माननीय संपादक,
स. न.

गेल्या डिसेंबरात माझा नातू सोसायटीतल्या एका वाढदिवसाहून परतला तो हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पेलाभर पाणी आणि त्यात निळा फायटर मासा. रिटर्न गिफ्ट म्हणे! आमच्या मुलांना पेन्सिल आणि खोडरबर मिळायचं.

मासा लोणच्याच्या जुन्या बरणीत सोडला. पंधरा दिवसांत त्याच्या शेपटीची कड पांढुरकी झाली आणि फाटक्या पदरासारखी झिजू लागली. तळाशी बसून राहायचा, दाण्याकडे बघायचाही नाही.

मी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. क्लोरीनचा डोस ठरवायचा, ओटी टेस्ट घ्यायची (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का, म्हणजे त्यात क्लोरीन उरलाय का, ते बघायचं), हाच उद्योग. त्यामुळे पाण्यातलं मला कुणी शिकवावं असं वाटत नव्हतं. दर चौथ्या दिवशी बरणी पूर्ण रिकामी करायची, तळाचे खडे नळाखाली खळखळून धुवायचे आणि थेट नळाचं पाणी भरायचं, असा माझा परिपाठ. शेपटी झिजतेय म्हटल्यावर खडे आणखी जोर लावून घासले.

दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आणि वर माणसांच्या टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल. ‘फोडून टाका, होईल बरा.’ बरणी केवढी, पाणी कधी बदललं, हे त्याने विचारलंच नाही. निळं औषध दोन दिवस घातलं. बरणी शाईच्या दौतीसारखी दिसू लागली, मासा होता तसाच. कॅप्सूल मात्र फोडली नाही. अँटिबायोटिक असं अंदाजाने पाण्यात घालायचं आणि तेच पाणी मोरीत ओतायचं, हे खात्यातल्या माणसाला पटेना.

शेवटी खात्यातल्याच एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो वर्षानुवर्षं गोल्डफिश पाळतो. म्हणाला, ‘आधी तुझी ओटीची बाटली काढ.’ नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं! होणारच. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा यासाठी तर आमची सगळी धडपड. माणसाला तो सोसतो, माशाचे कल्ले मात्र त्याने भाजतात. दुसरी गोष्ट मला खरोखर ठाऊक नव्हती. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया पाण्यात उतरतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी ते दर चौथ्या दिवशी, आंघोळीच्या आधी, धुऊन टाकत होतो. अमोनिया आणि क्लोरीनने मासा खंगला की पाण्यात एरवीही असणारे जंतू त्याच्या परांवर चढतात. त्यात नाशिकची डिसेंबरची थंडी, आणि फायटर मूळचा थायलंडकडचा.

मग वीस लिटरची काचेची पेटी, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर आणला. पाणी २६ अंशांवर ठेवलं. बादलीभर पाणी चोवीस तास उघडं ठेवून रोज पेटीतलं पाव पाणी बदललं. (घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात.) लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ, आधी विरघळवून. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं. दहा दिवसांनी तेही बंद. दाणे दिवसातून एकदा, चार-पाच. बाराव्या दिवशी शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली. नातवाला वाटलं, शेपटीला पाणी चिकटलंय! निळा रंग तिच्यात सावकाश उतरला. शेपटी भरायला मार्च उजाडला आणि एक कोपरा अजून आखूडच आहे.

हा काही रामबाण नव्हे. झीज अंगापर्यंत पोचली असेल किंवा कापसासारखे पुंजके दिसत असतील तर मासे पाहणारा पशुवैद्यकच गाठावा. कोरीडोराससारख्या, तळाशी वावरणाऱ्या छोट्या माशांना मीठही फारसं मानवत नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच, की मासे रिटर्न गिफ्ट म्हणून वाटू नका. द्यायचेच तर आधी त्या घरी फिल्टर लावलेली पेटी आहे का, हे विचारा. मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ च्या मे महिन्यात नियम काढले होते, ते त्याच वर्षी मागे घेतले. तेव्हा सरकारची वाट पाहण्यात अर्थ नाही.

त्या वाढदिवसाला बावीस पिशव्या वाटल्या होत्या. फेब्रुवारीत मी सोसायटीत घरोघर विचारलं. आमचा एकच उरला होता.

कळावे,
एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, नाशिक