मऊ टोमॅटो टाकू नका

संपादक महोदय,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परवा एका बाईने जरा मऊ पडलेले तांबडेलाल टोमॅटो बाजूला सारले आणि पुढच्या दुकानात सॉसची बाटली घेतली. जीव हळहळला. बाटलीवरची घटकांची यादी एकदा वाचा, साखर आणि मीठ किती वर आहे ते दिसेल.

साराला असाच पिकलेला टोमॅटो हवा. मी चार उकडून साल काढते, कुस्करून गाळते, नारळाचा रस घालते, वर खोबरेल तेलात जिरे-कढीपत्त्याची फोडणी. खळखळून उकळी मात्र आणायची नाही, रस फाटतो. टोमॅटोला तांबडा रंग देणारे लायकोपीन शिजवल्यावर, तेलासोबत, अंगी अधिक लागते. क जीवनसत्त्व (१०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम) शिजवताना कमी होते, म्हणून ताटात कच्ची कोशिंबीरही असावी. १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत उष्मांक जेमतेम १८.

माझ्या यजमानांना मूत्रपिंडाचा त्रास आहे. टोमॅटोत पोटॅशियम असते, त्यामुळे त्यांना डॉक्टरांनी सांगितले तेवढेच वाढते. नातवंडांना मात्र वाटीभर सार रोज. शाळेच्या डब्यात सॉस देणाऱ्या आयांनो, आठवडाभर एवढे करून पाहा.

– एक आजी, म्हापसा